बिलाचं सॉफ्टवेअर चांगलं, पण ती 'होय'ची खिडकी बदला
कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत आमचं चपलांचं दुकान आहे. हे सॉफ्टवेअर ८ महिने वापरतोय. बिल झटक्यात निघतं, साठाही बरोबर दाखवतं. पण 'रद्द करायचं?' विचारणाऱ्या खिडकीत 'होय' बटण आधीच निवडलेलं असतं. हाताला एंटरची सवय! नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांची दुकानात रांग, आणि १२ जोडांचं बिल असंच उडालं. सगळं परत टिपलं, गिऱ्हाईक ताटकळलं. अशा ठिकाणी एंटर 'नाही'वरच पडला पाहिजे. आणि नुसतं 'होय' कशाला? बटणावर 'बिल रद्द करा' लिहा की! एस्केप दाबल्यावर खिडकी गुमान बंद होते, ते बरं केलंय. मापाच्या यादीत ७ दाबलं की थेट सातवर जातं, ते तर लई आवडलं.