अलाबास्टर की ग्रीक व्हिला, पंधरा दिवस पुठ्ठे फिरवल्यावर

हॉलला ऑफव्हाइट लावायचा हे एका मिनिटात ठरलं, पण कुठला ऑफव्हाइट यात पंधरा दिवस गेले. शेवटी शेरविन विल्यम्स या रंगांच्या कंपनीचे दोन उरले, अलाबास्टर (7008) आणि ग्रीक व्हिला (7551). शेड कार्डावर शेजारी धरले तर डावं-उजवं करता येईना, नवरा म्हणे अगं एकच रंग दोनदा छापलाय. त्याचंही अगदीच चूक नाही म्हणा, भिंत किती उजेड परत फेकते तो एलआरव्ही अलाबास्टरचा 82 आणि ग्रीक व्हिलाचा 84, शून्य म्हणजे काळाकुट्ट नि 100 म्हणजे पांढराशुभ्र, त्यात दोनाचा फरक कोणाला कळणार.

कळते ती झाक. आधी मी वेड्यासारखे जुन्या पिस्ता भिंतीवरच पट्टे मारले आणि दोन्ही चक्क गुलाबी दिसायला लागले, हिरव्याच्या शेजारी फिका रंग असा फसवतोच. मग दोन मोठे पुठ्ठे घेतले, दोन-दोन हात मारले, मागे कोरा पांढरा कागद ठेवला आणि सकाळ-दुपार-रात्र भिंतीभिंतीला टेकवत फिरले. कागदाजवळ अलाबास्टर किंचित धुरकट, शांत वाटतो, ग्रीक व्हिला त्याच्यापेक्षा उजळ आणि दुधावरच्या सायीसारखा.

आमच्या हॉलला उत्तरेची खिडकी, ऊन आत येत नाही, नुसता थंड उजेड. तिथे अलाबास्टर दुपारीच मरगळला, न धुतलेल्या चादरीसारखा. ग्रीक व्हिला मात्र टिकला, फक्त रात्री 2700 केल्विनच्या (म्हणजे पिवळसर उजेडाच्या) दिव्यांत पिवळा पडायचा, दिवे 4000 चे, जरा पांढऱ्या उजेडाचे लावले तेव्हा ठीक झालं. बेडरूममध्ये बरोब्बर उलटं, पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलं की ग्रीक व्हिला लोण्यासारखा होतो आणि अलाबास्टर छान मऊ दिसतो, म्हणून तिथे तोच. 2016 साली कंपनीने त्याला वर्षाचा रंग का केला ते त्या खोलीत पटतं, हॉलमध्ये नाही पटणार.

दोन्हीला मॅट फिनिश घेतलं, पुट्टीचे उंचसखल दिसत नाहीत. फक्त दरवाजे मी हट्टाने शुभ्र पांढरे ठेवले आणि त्यांच्या शेजारी ग्रीक व्हिला अजूनच सायीचा दिसतो, त्यामुळे ज्याला कार्डावर फरक दिसत नव्हता तोच आता विचारतो, हॉलला पिवळा का लावलास?