दलालाचा सातबारा ऑनलाइन निघत नाही: दिवाळीपासूनचा वापर

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि आर्वी, धामणगाव, कारंजा पट्ट्यात ज्याच्या हाती मोबाईल तो जमिनीचा डीलर झाला. दिवाळीपासून मी आणि माझे साडभाऊ भागीत घ्यायला वावर (शेत) बघतोय. महाभूलेख, आपली चावडी, नोंदणी विभागाचा ई-सर्च आणि महारेरा, या चार सरकारी वेबसाइटांशिवाय एकही सौदा पुढे नेला नाही.

सर्वात जास्त कामाचा महाभूलेख. नुसता बघायला सातबारा फुकट, डिजिटल सहीचा 15 रुपयांत. पण माझ्यासाठी त्याचा खरा उपयोग निराळाच निघाला. जमिनीचा गट नंबर मागितला की समोरचा माणूस कळतो. पानठेल्यावर एकाला विचारलं, तर म्हणे, "भाऊ, मी हावो ना मंधात! तुमाले गट नंबर काह्याले पायजे?" शेजारच्या धुऱ्यावाल्याकडून नंबर काढला. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, आणि इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. हाच गडी दोन दिवसांत इसार (आगाऊ रक्कम) मागत होता.

साडभावांच्या नावे शेती नाही. विदर्भाला 1958 चा वेगळा कूळ कायदा आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी असल्याचा "दाखला करून देतो" म्हणणारे दोघे-तिघे भेटले. त्यांचे नंबर तिथंच डिलीट.

ई-सर्चवर जुने नोंदणीकृत व्यवहार दिसतात. साध्या स्टॅम्पवर केलेली इसारचिठ्ठी मात्र तिथं सापडायची नाही, आणि आमच्याकडे अर्धे सौदे तशाच चिठ्ठीवर अडकलेले असतात. त्यासाठी पांदणीनं (शेतरस्त्यानं) चालत जाऊन वावर कोण वाहतं ते विचारावं लागतं. यंदा तूर कोणी पेरली हे शेजारी बिनचूक सांगतो.

सध्या ज्यांच्यासोबत काम करतोय ते काका दलालीच करतात, पण पहिल्याच भेटीत उतारा पुढे ठेवून म्हणाले, "मालकाच्या बहिणीचं नाव हाय यात. तिची सही झाल्याबिगर पैसे देऊ नोका." आम्ही शोधण्याआधी कागदातली खोट स्वतःहून सांगणारा हा पहिलाच. दलाली दोन टक्के, तीही विक्रीपत्राच्या दिवशी. मग पटवाऱ्याकडे आणि काकांनी आधी सौदा करून दिलेल्या दोन खरेदीदारांकडे चौकशी केली. खरेदीदारांकडे जाणं सर्वात कामी आलं. नोंद झाली का, मोजणीत किती भरलं, सगळं मोकळेपणानं सांगतात.

महारेरा हे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं प्राधिकरण, वावरासाठी नाही, त्यामुळे शेतीचा दलाल तिथं दिसला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. लेआउटचं वेगळं. नियोजन क्षेत्रातला 500 चौरस मीटरच्या वरचा लेआउट नोंदणीशिवाय विकता येत नाही, ते प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "एनए झालंच समजा" म्हणणाऱ्याला मी आता थेट बिगरशेतीच्या आदेशाची प्रत मागतो. बहुतेक जण संध्याकाळी व्हॉट्सअॅप करतो म्हणतात. त्यांची संध्याकाळ अजून व्हायची आहे.

आपली चावडी नवख्यांनी पाहावीच. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस तिथं लागते, हरकतीला 15 दिवस असतात. आमच्या गटावर दुसऱ्याच कोणाचा फेरफार चढत नाही ना, हे मी रोज रात्री बघतो. मालकाची बहीण पुण्याहून पोळ्याला येणार आहे, तेव्हा सही. मोजणीचा अर्ज मात्र आधीच टाकलाय.