‘वी आर यंग अँड फ्री’: गळ्यात बसणारा सिंथेसायझर

भक्तिगीतांचा एखादा अल्बम गायनवृंदाला शिकवण्याजोगा आहे की नुसता हेडफोन लावून ऐकण्याजोगा, हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो: वाद्ये काढून घेतली तर मागे गाणे उरते का? ‘हिलसाँग यंग अँड फ्री’ या सिडनीच्या ख्रिस्ती वाद्यवृंदाच्या ‘वी आर यंग अँड फ्री’ या पहिल्या अल्बमपुढे ही कसोटी जरा अडखळते, कारण त्यातल्या अनेक गाण्यांत सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्डवजा वाद्य, हा साथीला बसलेला वादक नसून मुख्य गायकाच्या बरोबरीने, काही ठिकाणी तर त्याला बाजूला सारून, पुढे उभा आहे. २०१३ च्या सप्टेंबरअखेरीस आलेल्या या अल्बमला आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. तरीही वसईपट्ट्यातल्या युवा मेळाव्यांत त्यातली दोन-तीन गाणी ठाण मांडून बसली आहेत आणि त्यांच्याविषयी ज्येष्ठांची कुरकुरही तितकीच टिकून आहे. तेव्हा अल्बम मुळापासून ऐकून त्याचे माप काढणे गैरलागू ठरू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या हिल्स भागात १९८३ साली सुरू झालेल्या हिलसाँग या पेंटेकॉस्टल (उत्स्फूर्त, उत्साही आराधनेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) चर्चने आराधनेच्या संगीताला जगभर बाजारपेठ मिळवून दिली. डार्लीन झेक यांचे ‘शाउट टू द लॉर्ड’ हे गीत त्याच चर्चमधून १९९०च्या दशकात बाहेर पडले. पुढे ‘हिलसाँग युनायटेड’ने गिटारप्रधान रॉकची वाट धरली, आणि त्यांचे ‘ओशन्स’ हे गीत २०१३ सालीच आले. ‘यंग अँड फ्री’ ही त्याच घरातली तिसरी पाती. युनायटेडची मंडळी तोवर पोक्त झाली होती. शाळा-महाविद्यालयातल्या मुलांसाठी वेगळा आवाज हवा होता, आणि तो त्या वेळच्या नृत्यसंगीतात, म्हणजे डान्स क्लबच्या सिंथपॉपमध्ये, त्यांना सापडला. अल्बमचे ध्वनिमुद्रण त्यांच्याच चर्चमध्ये, जमलेल्या तरुणांसमोर झाले आहे, त्यामुळे गर्दीचा आवाज सर्वत्र ऐकू येतो. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण अल्बमचे निम्मे बळ त्या गर्दीत आहे.

अलेक्झांडर पापास आणि एडन किंग यांनी लिहिलेले ‘अलाइव्ह’ हे या अल्बमचे सर्वाधिक गाजलेले गीत. त्याची बांधणी नृत्यसंगीताच्या सरळ नियमाने झाली आहे. कडवे मोकळे, जवळजवळ बोलल्यासारखे आहे. त्यात हरवलेल्या, मन मोडलेल्या माणसाला कोणीतरी उचलून घेतले आहे. मग ताल दाटत जातो, तू आमच्यात जिवंत आहेस अशा अर्थाचे ध्रुपद येते, आणि भजनाच्या परंपरेत वाढलेल्या कानाला जेथे ध्रुपदाची पुनरावृत्ती अपेक्षित असते तेथे शब्द चक्क थांबतात. त्या रिकाम्या जागेत सिंथेसायझरची एक ठसठशीत ओळ शिरते आणि सभागृह उड्या मारू लागते. क्लबच्या संगीतात या जागेला ‘ड्रॉप’ म्हणतात. आराधनेत ही मोठी धाडसाची जागा आहे, कारण मंडळीने गावे यासाठीच जे गीत रचले, त्याच्या शिखरावर मंडळीला गायला काही दिलेलेच नाही.

हा आवाज कसा तयार होतो हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडची बरीच नापसंती ‘नुसता मशीनचा गोंगाट’ या तीन शब्दांत आटोपली जाते. करवतीच्या दात्यांसारखा आकार असलेली ध्वनिलहर सिंथेसायझरमध्ये जुनीच आहे. पण तशा अनेक लहरी एकाच वेळी वाजवून प्रत्येकीचा सूर शेजारणीपेक्षा किंचित चढा-उतरता ठेवला, की एक रुंद, थरथरता, सभागृह भरून टाकणारा आवाज मिळतो. रोलँड कंपनीने १९९६ सालच्या जेपी-८००० या वाद्यात तो ‘सुपरसॉ’ या नावाने दिला आणि त्यानंतर नृत्यसंगीताने तो सोडला नाही. गंमत अशी की चर्चमधला गायनवृंद कानाला गोड लागतो तो नेमक्या याच कारणाने: वीस माणसे एकच सूर लावतात तेव्हा तो कधीच तंतोतंत एक नसतो. दुसरी क्लृप्ती म्हणजे किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, ठोका पडताच मागचा लांब सूर क्षणभर दाबायचा आणि लगेच सोडायचा. यामुळे सगळे गाणे श्वास घेतल्यासारखे फुगते आणि बसते. या दोन्ही गोष्टी अल्बमभर आहेत आणि निर्मितीच्या दृष्टीने त्या उत्तम साधल्या आहेत. ठोका आणि खर्ज यांची वाटणी इतकी स्वच्छ आहे की मोबाइलच्या बारक्या स्पीकरवरही गाणे कोलमडत नाही.

आता कसोटीकडे येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांतली मुले घरी असतात, त्यामुळे आमच्या गायनवृंदाच्या सरावाला याच दिवसांत सर्वाधिक गर्दी होते. आमचा कीबोर्ड साधा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो त्या जातीचा. त्यावर ‘अलाइव्ह’ बसवताना वाजवणाऱ्या मुलाने प्रत्येक आवाज चाचपून पाहिला आणि शेवटी “सर, हा आवाज आपल्या कीबोर्डात नाहीच आहे,” असे जाहीर केले. ट्रम्पेट आणि स्ट्रिंग्स एकावर एक चढवून त्याने कामचलाऊ काहीतरी जमवले होते, तेवढ्यात वीज गेली. पावसाळ्यात ती जातेच. कीबोर्ड मुका झाला, पंखे थांबले, पत्र्यावर पाऊस वाजत राहिला, आणि कहोनवर (बसून हाताने वाजवायच्या लाकडी पेटीवर) बसलेल्या मुलीने ठेका सोडला नाही म्हणून बाकीचे गात राहिले. ध्रुपद संपले. पुढे तोच शब्दांविना भाग. तेथे सगळे गप्प होतील असे मला वाटले होते; पण मुलांनी सिंथेसायझरची ती ओळ सरळ तोंडाने म्हणायला सुरुवात केली, मागच्या बाकावरच्या दोघांनी तर खालच्या पट्टीत.

या अल्बमचे यश आणि अपयश मला त्या ओळीच्या गुणात दिसते. जेथे सिंथेसायझरची सुरावट माणसाच्या गळ्यात बसते, म्हणजे पल्ला लहान, स्वर मोजके, श्वास घ्यायला जागा, तेथे शब्द नसले तरी मंडळीचा हक्क हिरावला जात नाही. ती ओळ हेच बिनशब्दांचे ध्रुपद होते. ‘अलाइव्ह’मध्ये हे साधले आहे. ‘वेक’मध्ये त्याहून चांगले साधले आहे. हॅना हॉब्ज आणि जोएल डेव्हिस यांचे हे गीत माझ्या मते अल्बमचा खरा कळस आहे: तुझे प्रेम ओसरणार नाही, ते माझ्या सोबतीला आहे, असे साधे विधान, आणि त्याची चाल इतकी आटोपशीर की सुरात न गाणारा माणूसही दुसऱ्या फेरीला ती पकडतो. येथे वाद्य आणि गळा एकमेकांची जागा बळकावत नाहीत, आळीपाळीने एकच गोष्ट सांगतात. आमच्याकडे हे गीत गिटारवर, टाळ्यांवर, एकदा तर लग्नाच्या बँडवाल्यांच्या कॉर्नेटवरही वाजले आहे आणि प्रत्येक वेळी ओळखू आले आहे.

मात्र ‘बॅक टू लाइफ’, ‘एम्बर्स’, ‘इन सिंक’ अशी इतर द्रुत गाणी ऐकताना ही शिस्त सैल पडलेली जाणवते. यंत्रणा तीच, चढणही तीच, शिखरावरचा स्फोटही ठरल्या जागी. पण त्या जागी जे वाजते त्यात पोत आहे, सुरावट नाही. ऐकताना पाय हलतात; गाणे संपल्यावर गुणगुणायला गेले तर हाती काही लागत नाही. सभागृहात, दिवे आणि धूर यांच्या साक्षीने, ते चालून गेले असेल. घरी बसून सलग ऐकणाऱ्याला मात्र तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर पुढचा ठोका कोठे पडणार हे आधीच कळू लागते, आणि बारा गाण्यांच्या अल्बमला हा ठरावीकपणा जड जातो. तीन गाणी गाळली असती तर अल्बम निम्म्याने सुधारला असता.

शब्दांची बाजूही तपासली पाहिजे. जवळजवळ सगळी गीते ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आणि ‘तू’ यांच्यातच फिरतात. शेजारी, भुकेला, परका, ज्यांच्याविषयी शुभवर्तमान इतके सविस्तर बोलते, ते येथे फिरकत नाहीत. दुःख येते ते बहुधा मागे टाकलेले म्हणून. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हा उत्साह हवा असतो हे मान्य, पण दहावीचा निकाल हाती घेऊन बसलेल्या मुलालाही त्याच वयात प्रार्थना करावी लागते, आणि त्याच्यासाठी या अल्बमात फारसे काही नाही. पाण्याच्या प्रतिमांचेही मला नवल वाटले. एका गीताच्या नावात वादळ कृपाळू आहे, दुसऱ्यात जीवनदोरी आहे, तिसऱ्यात खोल बुडणे हे प्रेमात विरघळण्याचे चित्र आहे. सिडनीच्या समुद्रात लाटांवर फळ्या घेऊन जाणाऱ्यांना ते सुचणे स्वाभाविक आहे. वसईच्या पाचूबंदर या कोळीवाड्यातल्या घरांत मात्र वादळ म्हणजे परत न आलेली बोट, आणि तेथे हे गीत लावताना दोन शब्द आधी बोलावे लागतात.

असे असूनही ते तिसरे गीत, ‘सिंकिंग डीप’, वगळण्याची माझी छाती होत नाही. अल्बममधल्या संथ गाण्यांत ते सर्वांत संयत आहे. सिंथेसायझर येथे पायघड्या घालावा तसा खाली पसरलेला असतो, ठोका बराच वेळ येतच नाही, आणि एकट्या गळ्याला जागा मिळते. द्रुत गाण्यांत जी गर्दी केवळ ओरडत होती ती येथे खरोखर गाताना ऐकू येते. एका ठिकाणी वाद्ये मागे हटतात आणि हजारभर बेसूर-सुरेल गळ्यांचा मिळून जो आवाज उरतो, तो कोणत्याही यंत्राने बनवलेल्या रुंद आवाजापेक्षा भरीव आहे.

‘हे चर्चचे संगीत नव्हेच’ हा आक्षेप मला पटत नाही, आणि तो कोकणपट्टीतल्या ख्रिस्ती माणसाने घ्यावा हे तर मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. या इंग्रज धर्मगुरूने लोकांच्या ओठावरचा छंद उचलला आणि त्यात येशूची कथा ओवली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाती घेतले. वसईत पोर्तुगिजांकडून आलेले ब्रासबँड आज मिरवणुकीत आणि वरातीत सारख्याच हक्काने वाजतात. सिडनीच्या विशीतल्या मुलांच्या कानावर क्लबचे संगीत होते, त्यांनी ते घेतले. प्रश्न सिंथेसायझर देवळात यावा की नाही हा नसून, आलेला सिंथेसायझर लोकांना गाऊ देतो की त्यांना श्रोते करून टाकतो, हा आहे. आणि त्या बाबतीत ओवी अजूनही पुढे आहे, कारण तिला वीज लागत नाही.

वापराविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. कॅथलिक धर्मग्रामात पवित्र मिस्सासाठी ही गाणी मी सुचवणार नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर वाद्यांना अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडे ठेवले आहे खरे, पण अडचण वाद्याची नाही; ही गाणी उपासनाविधीतल्या ठरावीक जागांसाठी रचलेलीच नाहीत. युवा शिबिर, मेळावा, नाताळपूर्व संध्याकाळ, पुनरुत्थानाच्या सणाचा कार्यक्रम या ती खरोखर शोभणाऱ्या जागा. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ते तयार साथ लावून वर गाण्याचा मोह धरतील. तो टाळावा, कारण तयार साथ मंडळीसाठी थांबत नाही आणि ध्रुपद आणखी एकदा घ्यावेसे वाटले तर ती ऐकत नाही. साध्या कीबोर्डवर डाव्या हाताला पॅड, म्हणजे मागे पसरणारा लांब सुराचा आवाज, आणि उजव्या हाताला लीड, म्हणजे मुख्य ओळ वाजवणारा एखादा धारदार आवाज, इतके पुरते. ‘वेक’ आपल्या मुलींच्या गळ्याला साजेल अशा पट्टीत आणून घ्यावे, आणि ‘अलाइव्ह’मधला बिनशब्दांचा भाग अर्ध्याने कमी करून उरलेला सर्वांना तोंडाने म्हणायला लावावा.

अल्बम स्पॉटिफाय, यूट्यूब अशा ठिकाणी सहज ऐकायला मिळतो. याच वाद्यवृंदाचा २०१६ सालचा ‘यूथ रिव्हायव्हल’ हा पुढचा थेट ध्वनिमुद्रित अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि ज्यांना गाण्यांची बांधणी अधिक पक्व हवी असेल त्यांनी तिकडे जावे. पण पहिल्याच प्रयत्नात ‘वेक’ आणि ‘सिंकिंग डीप’ देऊ शकणाऱ्या वाद्यवृंदाची भरतीची गाणी सोसून घ्यायला माझी हरकत नाही. नव्या श्रोत्याने या दोन गीतांपासून सुरुवात करावी, ‘अलाइव्ह’ त्यानंतर ऐकावे, आणि उरलेला अल्बम लांबच्या प्रवासात लावावा.