डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलवर ओव्हरस्टीअर सांभाळणं, बरेच महिने वापरल्यानंतर

रेसिंग गेमसाठी डायरेक्ट ड्राइव्ह (ज्यात व्हील थेट मोटरवर बसतं) घेऊ की नको विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, ताकदीसाठी घेऊ नका, वेगासाठी घ्या. वेग म्हणजे गाडीचा नाही, स्टिअरिंग स्वतःहून किती झटकन फिरतं तो. माझा बेस (व्हील फिरवणारा मोटरचा डबा) ८ न्यूटन-मीटर जोराचा आहे, आधी गिअरवाला होता साधारण २ चा, आणि आता नव्याची नवलाई पार संपलीये म्हणून निवांत लिहितोय. लॅप टाइममधे जमीन-अस्मानाचा फरक वगैरे काही पडला नाही. फरक पडला तो एवढाच की गाडीचं बूड सुटलं (मागचे टायर घसरले, म्हणजेच ओव्हरस्टीअर) तरी आता ती बऱ्याचदा परत हाताशी येते, आधी ती गेली की गेलीच.

का ते सांगतो. खऱ्या गाडीत पुढच्या चाकांची बसवणूकच अशी असते (कास्टर अँगल म्हणतात तो) की चाकं कायम गाडी जिकडे सरकतेय तिकडे तोंड करायला बघतात. मागचे टायर घसरले की नाक वळणाच्या आत जातं पण गाडीचं वजन अजून जुन्याच दिशेने चाललेलं असतं, मग पुढची चाकं त्या दिशेला वळतात आणि त्यांच्यासोबत स्टिअरिंगही उलटं फिरायला लागतं. म्हणजे उलटं स्टिअरिंग मारायचं अर्धं काम गाडीच करते, आपण फक्त आडवं यायचं नाही. असेटो कोर्सा किंवा आयरेसिंगसारख्या सिममधे (खऱ्यासारख्या रेसिंग गेममधे) हाच जोर टायर आणि सस्पेन्शनच्या गणितातून निघतो आणि मोटरला जातो. आता मोटर आणि तुमचे हात यांच्यात गिअर असले तर त्यांचं घर्षण ओलांडून व्हील फिरेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. डायरेक्ट ड्राइव्हमधे व्हील मोटरच्या शाफ्टवरच बसतं, मधे कोणी दलाल नाही, त्यामुळे फिरायचं म्हटलं की फिरतंच.

उदाहरण घ्या. असेटो कोर्सा, बीएमडब्ल्यू एम३ ई३०, बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकचं ला सूर्स, तो पहिलाच उजवा हेअरपिन. बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमधे अ‍ॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला की मागचं डावीकडे सरकतं. इथे व्हील गच्च पकडून बसलात तर संपलं. पकड सैल केली, बोटांची नुसती कडी ठेवली की रिम हातातून सरकत स्वतःच डावीकडे जातं आणि जवळपास हव्या तिथे येऊन थांबतं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा नाही, थोडा हलका करायचा. हे पहिल्यांदा नीट जमतं तेव्हा आपण काही केलंच नाही असं वाटतं, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे.

पण खरी गोची त्याच्या पुढे आहे आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. घसरणं थांबवणं सोपं, परत सरळ होणं अवघड. गाडी सावरली म्हणून हुश्श करावं आणि तेवढ्यात ती उलट्या बाजूला अशी फेकली जाते की दुसऱ्यांदा पकडायला वेळच मिळत नाही. कारण मागच्या टायरना ग्रिप परत येते त्या क्षणी पुढची चाकं अजून उलटीच वळलेली असतात, शिवाय एका बाजूला दबलेलं सस्पेन्शन सुटून दुसरीकडे ढकलतं ते वेगळंच. म्हणून गाडी सरळ व्हायची वाट बघायची नाही, नाकाचं फिरणं थांबतंय असं दिसलं की लगेच स्टिअरिंग परत आणायला सुरुवात करायची, गाडी तिरकी असली तरी. कोन किती झालाय हे बघत बसू नका, तो वाढतोय की वाढायचा थांबलाय ते बघा. आणि इथे डायरेक्ट ड्राइव्ह कामाला येतं, कारण बाहेर ओढणारा जोर ओसरतो आणि मधल्या बाजूला खेच सुरू होते तो बदल हाताला स्वच्छ कळतो. फक्त या वेळी रिम मोकळं सोडायचं नाही, नाहीतर ते मध्य ओलांडून पुढे जातं, तळहाताचा थोडा ब्रेक हवाच.

सेटिंगबद्दल. सगळ्यात जास्त वेळ डॅम्पिंगने (व्हीलच्या फिरण्याला मुद्दाम दिलेला अडथळा) खाल्ला. जास्त ठेवलं की सरळ रस्त्यावर व्हील एकदम शांत, भारदस्त वगैरे वाटतं पण बूड सुटल्यावर तेच व्हील आळशी होतं, म्हणजे ज्यासाठी पैसे टाकले तेच घालवून बसायचं. शून्य केलं तर सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर डावं-उजवं डावं-उजवं नाचायला लागतं. मी आता नाच जेमतेम थांबेल इतकंच ठेवतो. दुसरं म्हणजे क्लिपिंग. गेन (एकूण जोराची पातळी) वाढवत नेला की जोर कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो, मग वळणात टायर अजून ताणला जातोय की सुटायला लागलाय हे हाताला सारखंच लागतं. असेटो कोर्सात पेडल्सचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात फोर्स फीडबॅकची (व्हीलवर येणाऱ्या जोराची) पट्टी लाल झाली की समजायचं जास्त झालं. कर्ब इफेक्ट, रोड इफेक्ट, स्लिप इफेक्ट हे वरून टाकलेले मसाले आहेत, मी स्लिप इफेक्ट तर बंदच ठेवतो, तो ज्या थरथरीत खरी माहिती असते तीच झाकून टाकतो.

रोटेशन (व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फिरतं ते) मात्र तपासाच. रोडच्या गाडीला ९०० अंश ठीक, जीटी३ रेस गाड्यांना गाडीप्रमाणे त्याहून कमी लागतं, फॉर्म्युला गाड्यांना त्याहूनही कमी. ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधे एक आणि गेममधे दुसरंच असेल तर उलटं स्टिअरिंग नेहमी कमी तरी पडतं नाहीतर जास्त तरी होतं आणि दोष मात्र हातांना मिळतो. फोर्झा गेममधे स्टिअरिंग सिम्युलेशनवर आहे की नॉर्मलवर ते बघा, ग्रॅन टुरिस्मो ७ मधे काउंटर स्टिअरिंगची मदत वेगळीच असते, ती चालू ठेवून सराव केला तर नंतर असेटोत रडायची वेळ येते. टीव्हीवर खेळणाऱ्यांनी आधी गेम मोड लावा, चित्र उशिरा दिसत असेल तर जगातला कुठलाच बेस वाचवू शकत नाही. फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर किती रुंद दृश्य दिसतं ते) पण खूप रुंद नको, नाक फिरतंय हे डोळ्यांना उशिरा कळतं, आणि इथे पाठीला-सीटला काही कळत नसल्यामुळे सगळी भिस्त डोळे, हात आणि टायरच्या आवाजावर.

हे सगळं अ‍ॅक्सिलरेटरने सुटलेल्या गाडीचं झालं. सोडल्यामुळे सुटते ती गाडी जास्त वाईट. पोर्शे ९११ कॅरेरा एस घेऊन स्पाच्याच पूहॉनच्या त्या लांबलचक डाव्या उतारावर मधेच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघा, वजन पुढे येतं, मागचं हलकं होतं आणि मागे बसवलेलं इंजिन पुढे जायची घाई करतं. तिथे व्हील कितीही झटकन फिरलं तरी उजवा पाय हळूच परत दाबायची हिंमत नसेल तर उपयोग नाही. ती हिंमत बेससोबत बॉक्समधे येत नाही.

तक्रारी आहेतच. फर्मवेअर अपडेटनंतर सेंटर दोन-तीनदा थोडं सरकलं आणि सपोर्टने केबल बदलून बघा एवढंच कळवलं, शेवटी कॅलिब्रेशन पुन्हा करूनच सुटलं. साध्या टेबलला क्लॅम्प केलात तर अख्खं टेबल हलतं, मॉनिटर त्याच टेबलवर असेल तर तोपण. चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक दाबताच तुम्ही मागे आणि पेडल तिथेच. आणि भिंतीवर जाणार हे दिसलं की अंगठे स्पोकच्या बाहेर काढा, ८ न्यूटन-मीटर ऐकायला काही वाटत नाही पण अंगठ्याला चांगलंच वाटतं.

गिअरवाला असेल आणि बजेट नसेल तर तोही फेकून देऊ नका, त्यावर हात थोडे आधी हलवावे लागतात, म्हणजे व्हीलने सांगायच्या आधी डोळ्यांनी ओळखायचं, अनेक लोक त्यावर माझ्यापेक्षा छान ड्रिफ्ट करतात. पेडल माझे अजून साधेच आहेत, ब्रेकला लोड सेल (पायाचा दाब मोजणारा सेन्सर) नाही, आणि ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणं) करताना वळणात शिरतानाच बूड सुटतं ते बहुतेकदा ब्रेक नेमका किती सोडला हे पायाला न कळल्यामुळे, त्यात व्हीलचा काही संबंध नाही. लोड सेल घेतला की त्याबद्दल लिहीन.