रंगीत कॅमेरा की मोनो? आधी मोकळ्या रात्री मोजा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे म्हणून माउंट (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) घेऊन झालं, छोटी दुर्बीण आली, गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं) जमायला लागलं. आता डीएसएलआर बाजूला ठेवून कूलिंगवाला कॅमेरा (सेन्सर थंड ठेवून चित्रातला दाणेदारपणा कमी करणारा) घ्यायचाय. इथवर आलेला जवळजवळ प्रत्येकजण याच प्रश्नापाशी अडतो: रंगीत की मोनो, म्हणजे कृष्णधवल? (माउंट अजून डगमगत असेल तर हा प्रश्न सध्या सोडाच. ताऱ्यांच्या रेघा दोन्ही कॅमेऱ्यांत सारख्याच येतात.)

आतला सेन्सर बहुतेक वेळा एकच असतो. सोनीचा आयएमएक्स ५७१ घ्या: एपीएस-सी आकार (बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तोच), २६ मेगापिक्सेल, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, १६ बिट. तो रंगीतही मिळतो आणि मोनोही. रंगीतमध्ये प्रत्येक पिक्सेलवर इवलासा फिल्टर कायमचा चिकटवलेला असतो. चारांच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. यालाच बायर मॅट्रिक्स म्हणतात. मोनोवर काहीच नसतं. फिल्टर तुम्ही फिल्टर व्हील फिरवून एकेक करून पुढे आणता.

यावरून ‘मोनो चौपट भारी’ असं सर्रास सांगितलं जातं. हायड्रोजन-अल्फाची रेषा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजन वायूचा ठरावीक रंगाचा प्रकाश, ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे गडद लाल. रंगीत सेन्सरवर ती चारातल्या एकाच पिक्सेलला दिसते, मोनोवर चारही पिक्सेलना. गणित चुकीचं नाही, अर्धवट आहे. त्यात घड्याळ धरलेलंच नाही.

समजा, हातात चार तास आहेत आणि समोर रोझेट तेजोमेघ. रंगीत कॅमेऱ्यापुढे ड्युअल बँड फिल्टर (फक्त दोन वायूंचे अरुंद पट्टे आत सोडणारा) लावला की हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही पूर्ण चार तास एकदमच गोळा होतात. मोनोला तेच चार तास वाटून द्यावे लागतात, दोन इकडे, दोन तिकडे. आता हायड्रोजनचा हिशेब करा. रंगीतला चार तास गुणिले पाव सेन्सर, म्हणजे एक. मोनोला दोन तास गुणिले सगळा सेन्सर, म्हणजे दोन. चौपटीची झाली दुप्पट. ऑक्सिजनची मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरला, हिरव्या-निळ्याच्या वेशीवर. ती हिरव्या पिक्सेलनाही दिसते आणि निळ्यांनाही, म्हणजे पाऊण सेन्सरला. चार गुणिले पाऊण, तीन! त्या वेशीवर दोन्ही रंगांचे फिल्टर बराच प्रकाश खातात, त्यामुळे कागदावरचे तीन हातात पडत नाहीत. पण मोनोच्या दोनाशी साधारण बरोबरी होतेच.

दीर्घिकांचा हिशेब वेगळा. मोनोवर अर्धा वेळ ल्युमिनन्स घेतला, म्हणजे सगळे रंग एकत्र, आणि उरलेला अर्धा लाल-हिरवा-निळ्यात वाटला, तर एकूण गोळा होणारा प्रकाश रंगीतच्या ढोबळमानाने दुप्पट भरतो. सिग्नल (हवा तो प्रकाश) आणि नॉइजचं (नको असलेल्या दाणेदारपणाचं) गुणोत्तर वर्गमुळाने वाढतं, म्हणून अंतिम चित्रात हा फायदा १.४ पट दिसतो. फरक आहे, पण ऐकून वाटतो तेवढा नाही.

मग मोनो घ्यायचा कशाला? गंधकासाठी, चांदण्या रात्रींसाठी आणि हट्टासाठी. गंधकाच्या रेषा ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरला, म्हणजे हायड्रोजनच्या शेजारीच. रंगीत कॅमेऱ्यात गंधकाच्या आणि हायड्रोजनच्या रेषा लाल पिक्सेलवरच पडतात, एका फिल्टरमधून आल्या तर वेगळ्या काढता येत नाहीत. गंधक आणि ऑक्सिजनचा दुसरा ड्युअल बँड घेऊन वाट काढता येते, पण हबलने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांसारखी गंधक-हायड्रोजन-ऑक्सिजनची रंगसंगती मनासारखी जमवायची असेल तर मोनोसारखं काही नाही. पौर्णिमेच्या आसपासही तीन नॅनोमीटरचा अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या हायड्रोजन फिल्टरने काम चालू ठेवता येतं. ऑक्सिजनला मात्र चंद्र बाधतो, तो अमावस्येच्या बाजूला ढकलायचा. ही निवड ड्युअल बँडवाल्याकडे नसते. दोन्ही गॅस एकाच दोरीने बांधलेले.

आता दुसरी बाजू. माझा पहिला कूल्ड कॅमेरा मोनोच होता, आणि पहिला मोठा बेत कृत्तिकांचा. पहिल्या रात्री ल्युमिनन्स, दुसऱ्या रात्री लाल आणि अर्धा हिरवा. मग ढग. मग चंद्र. मग पुन्हा ढग, आणि तोवर कृत्तिका मावळतीकडे झुकल्या. लॅपटॉपवर ‘निळा’ नावाचा फोल्डर रिकामा पडून राहिला. कृत्तिकांच्या भोवतीची सगळी जादू त्या निळ्या धुळीतच आहे, हे वेगळं सांगायला नको. निळे सब (नंतर एकत्र करायचे सुटे फोटो) पुढच्या हंगामात मिळाले, पण मधल्या काळात कॅमेरा फिरवून बसवला होता. जुळवाजुळव केल्यावर चारही कडा कापाव्या लागल्या. रंगीत कॅमेरा असता तर पहिल्या दोन तासांतच, कमी खोलीचं का होईना, पूर्ण चित्र हातात असतं.

धूमकेतू पकडायचे असतील तर मी दुसऱ्यांदा विचारही करणार नाही: रंगीत. मोनोवर लालचे सब संपून निळ्याकडे जाईपर्यंत धूमकेतू पुढे सरकलेला असतो.

रंगीत घेणाऱ्यांना एक इशारा. ड्युअल बँड म्हणजे शहराच्या उजेडावरचा रामबाण नाही. तो फक्त वायूंच्या उत्सर्जन रेषा आत सोडतो. कृत्तिकांची धूळ किंवा देवयानीची दीर्घिका ताऱ्यांच्या सलग प्रकाशाने उजळलेली असते. तिथे हा फिल्टर लावला की हवं तेच बाहेर राहतं. त्यासाठी फिल्टर काढायचा आणि अंधाऱ्या जागी जायचं, दुसरा उपाय नाही.

सामानाचं थोडक्यात. मोनोबरोबर फिल्टर व्हील आलं, मोटरवाला फोकसर आला (फिल्टर बदलला की फोकस थोडा सरकतो), आणि चांगल्या सात फिल्टरांचा (ल्युमिनन्स, लाल, हिरवा, निळा, हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक) संच कॅमेऱ्याच्या किमतीला टेकतो. एपीएस-सी सेन्सरला सव्वा इंची फिल्टर लावले तर कोपरे काळे पडतात, ३६ मिलिमीटरचे लागतात. सोनीचाच आयएमएक्स ५३३ सेन्सर चौकोनी आणि लहान, कर्ण १६ मिलिमीटर; त्याला सव्वा इंची चालतात. मोनोच घ्यायचा पण खिसा आवरायचा, तर हा मधला रस्ता मला पटतो.

आणि प्रोसेसिंग. ‘मोनोला थोडं जास्त काम’ असं म्हणून हा विषय मिटवला जातो, तसा तो मिटत नाही. रंगीतचे सब सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये टाका, डार्क-फ्लॅट (झाकण लावून आणि एकसारख्या उजेडात घेतलेले, सेन्सरचे दोष आणि धुळीचे डाग घालवणारे फोटो) लावा, एक स्टॅक, म्हणजे सगळे सब मिळून एक चित्र, तयार. ड्युअल बँडच्या डेटातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढायची सोयही त्यात आहे, तीही फुकट. मोनोत प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट वेगळे. माझं व्हील एकदा फ्लॅट घेताना केसभर अलीकडे थांबलं. मूळ सबमध्ये धुळीचं काळं कडं एका जागी, फ्लॅटमध्ये बारा पिक्सेल बाजूला. कॅलिब्रेशननंतर डाग जायच्या ऐवजी दोन झाले, एक काळा, एक उजळ, शेजारी शेजारी. ऑक्सिजनचा आख्खा स्टॅक तसाच. मग चॅनेल जुळवायचे, प्रत्येकाचा ग्रेडियंट (पार्श्वभूमीवरचा असमान उजेड) वेगळा काढायचा, गंधकाचा क्षीण स्टॅक ताणताना, म्हणजे उजळवताना, नॉइज वर येतो, आणि हबलसारख्या रंगसंगतीत हायड्रोजन हिरव्या रंगाला दिला की सगळं चित्र शेवाळलेलं दिसतं. मला हे काम आवडतं. ढगाळ आठवड्यात दुसरं करायचं तरी काय? पण ऑफिसातून आल्यावर पुन्हा चार तास स्क्रीनसमोर बसायचं जिवावर येत असेल, तर ते आत्ताच कबूल करा.

म्हणून दुकानाची पानं बंद करून आधी गेल्या वर्षभराचे स्वतःचे फोल्डर उघडा. तारखा बघा. एकाच लक्ष्यावर तीन किंवा जास्त रात्री किती वेळा दिल्यात? दुर्बीण घरच्या गच्चीत कायम मांडलेली असेल, आकाश उजेडाचं असेल आणि अशा मालिका चार-पाच निघाल्या, तर मोनो घ्या. गाडीत सामान घालून महिन्यातून एकदा अंधारात जात असाल आणि बहुतेक फोल्डरांत एकच तारीख असेल, तर रंगीत घ्या, सोबत एक ड्युअल बँड, आणि उरलेल्या पैशांत मोटरवाला फोकसर. तो पुढे मोनोकडे वळलात तरी लागणारच आहे.