नवीन फिश टँक लावताय? मासे आणायच्या आधी हे किट घ्या (एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट)

टँक आणला, खाली रंगीत खडे, वर लाईट, त्याच संध्याकाळी पिशवीतनं मासे सोडले आणि आठवडाभरात एकेक करून सगळे उलटे. आपल्या बेळगावात हे इतक्या घरांत बघितलंय की कुणी नवीन टँक घेतोय म्हटलं की मी पहिलं हेच विचारतो, टेस्ट किट घेतलंस काय? मासे नंतर आण की. म्हणून हा रिव्ह्यू. टँकचं पाणी तपासायचं हे किट थेंबांचं आहे, पाण्यात बुडवायच्या पट्ट्यांचं नव्हे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे कारण स्वस्तातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच, आणि नवीन टँकमधे मासा मारतो तो अमोनियाच.

डब्यात सात बाटल्या, झाकणवाल्या चार काचेच्या नळ्या आणि रंगांचं कार्ड. पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते), हाय रेंज पीएच (पीएच जास्त असेल तेव्हाची टेस्ट), अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट एवढं मोजता येतं. 800 टेस्ट होतात असं कंपनी सांगते, म्हणजे एका घरगुती टँकला भरपूर झाल्या. किंमत हजारांत जाते, पहिल्यांदा ऐकून लोक मागं सरतात ते समजतं मला, पण टँक, स्टँड, फिल्टर यावर एवढे पैसे घालून वर मासे दर आठवड्याला नवीन आणायचे यात काय अर्थ आहे?

वडगावात माझ्या बहिणीकडं भाच्यानं टँक लावला, गप्पी आणि दोन गोल्डफिश. मी गेलो तेव्हा सगळे मासे वर येऊन तोंड उघडमीट करालेत, कल्ले लाल, आणि टँकवर दुकानवाल्यानं दिलेली निळ्या औषधाची बाटली, अजून न फोडलेली. मी म्हटलं ती आधी बाजूला ठेव. नळीत 5 एमएल पाणी घेतलं, अमोनियाच्या पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसरीचे 8, झाकण लावून हलवलं आणि पाच मिनिटं थांबलो. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. इथं हिरवं होत गेलं, खिडकीपाशी कार्डाला लावून बघितलं तर 2 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) पुढं. भाचा म्हणाला, "मामा, पाणी तर एकदम क्लीन दिसालंय की!" दिसणारच, अमोनियाला रंग नाही. लगेच निम्मं पाणी बदललं, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध) घालून, दोन दिवस खाणं बंद, मग रोज टेस्ट आणि गरज असेल तसं पाणी बदल. गोल्डफिश वाचले, काही गप्पी गेल्या.

आता हे का होतं, तर माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातनं अमोनिया तयार होतो, त्याला एक प्रकारचे बॅक्टेरिया नायट्राईट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं बरंच सौम्य आणि पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर जास्त राहतात, आणि नवीन टँकमधे ते वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोपर्यंत मासे न घालता रोज चिमूटभर खाणं टाकून टँक चालवत ठेवायचा, अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राईट चढतो, उतरतो, आणि दोन्ही शून्य होऊन नायट्रेट दिसायला लागलं की मग मासे, तेही थोडेथोडे. कुठल्या टप्प्यावर आहोत ते डोळ्यांनी कळत नाही, या किटनं कळतं, माझ्या मते पैसे तिथंच वसूल. आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही हो, क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात, टँकमधनं काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

वापरताना नायट्रेटच्या टेस्टला घाई करू नका. दुसऱ्या बाटलीत तळाला साका बसतो, ती 30 सेकंद जोरात हलवायची, आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवायची. हे केलं नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि आपण खुशीत राहतो. रंग दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली हिरवा-पिवळा फरक लागत नाही. टेस्ट झालेलं पाणी परत टँकमधे ओतायचं नाही, आणि बाटल्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

यात काय नाही ते पण सांगतो. पाण्याचा जडपणा मोजायचं यात नाही, क्लोरीनचं पण नाही. शहरात राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी क्लोरीन घालून नळाला येतं, त्यामुळं अँटीक्लोरीन लागतंच. ज्यांच्याकडं विहीर किंवा बोअर आहे, विशेषतः निपाणी, चिक्कोडीकडं उसाच्या रानाजवळ, त्यांनी टँकच्या आधी विहिरीच्या पाण्याचीच नायट्रेट टेस्ट करावी, खतामुळं ते आधीच जास्त असू शकतं, आणि मग पाणी बदलून पण आकडा खाली का येत नाही म्हणून डोकं धरून बसायची पाळी येते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री चांगला गारठा असतो, थंडीत बॅक्टेरिया हळू वाढतात, तेव्हा टँक लावणार असाल तर हीटर घ्या आणि दोन आठवडे जास्त धरा.

किट ऑनलाईन मागवा किंवा दुकानात सांगून ठेवा, पण जुना माल घेऊ नका. बाटलीवरच्या लॉट नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष. पैसे द्यायच्या आधी तेवढा फोटो मागून घ्या.