मिलिंग म्हणून गळ्यात मारलेलं ड्रिल

मी परभणीचा. बँकेत ३१ वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना सांगत आलो, "सही करायच्या आधी कागद वाचा." त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण लाकडी जहाजांची मॉडेलं करायच्या नादाला लागलेले आणखी दोघं-तिघं मला माहीत आहेत, आणि जुनं मशीन स्वस्तात मिळतंय का हे सगळेच बघत असतात.

रिटायर झाल्यावर मराठा आरमारातली गुराब करायला घेतली. समुद्र बघायला आम्हाला रात्रभर प्रवास करावा लागतो, तरी नाद तो नादच. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढं निमुळतं होत गेलेलं जहाज. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची मदार गुराबांवर आणि गलबतांवर. माझ्या मॉडेलच्या कण्याला अठरा खाचा आणि प्रत्येक खाचेत एक आडवी फासळी. खाच ३ मिलिमीटरची म्हणजे तेवढीच हवी. सैल झाली की फासळी कलते, आणि फासळी कलली की वरून पट्ट्या चिकटवताना जहाजाच्या पोटाला पोक येतं. करवत आणि कानस घेऊन चार खाचा वाया घालवल्यावर छोट्या मिलिंग मशीननं, म्हणजे फिरत्या कटरनं आडवं कापत खाच पाडणाऱ्या मशीननं, डोक्यात घर केलं.

वाळूज भागातल्या एका जुन्या मशिनरीवाल्याची जाहिरात दिसली. 'मिनी मिलिंग, सोळा स्पीड, ३८ हजार.' गेलो. शेडमध्ये चहा झाला, "काका, तुम्ही आमच्या वडिलांसारखे" हेही झालं. मग त्यानं सागाचा तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि हँडल फिरवत समोरच एक खाच पाडून दाखवली. गुळगुळीत. मी भाळलो. आता कळतं, कटर जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली घेतला होता आणि इतका हळू सरकवत होता की चाकूनंही तेवढं निघालं असतं.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "जीएसटीचं पाहिजे तर वर १८ टक्के. कशाला उगाच?" ६,८४० रुपये वाचल्याचा मलाच आनंद. कच्च्या कागदावर त्यानं लिहिलं, 'जुनं मशीन १ नग, व्हाइससह.' वाचलं मी. खटकलं नाही.

घरी तिसऱ्या खाचेला प्रकार घडला. प्लायवुड तीनचं, कटर पूर्ण खोलीवर, टेबल आडवं सरकवत होतो. आवाज बदलला, घरघर झाली आणि अख्खं चक, म्हणजे कटर पकडणारा जबडा, कटरसकट सुटून खाली आलं. फिरतंच. कण्याची पट्टी फाडून, टेबलावर चंद्रकोरीसारखा ओरखडा काढून ते माझ्या पायाजवळ येऊन थांबलं. बायकोनं आतून विचारलं, "काय फुटलं?" मी म्हणालो, "काही नाही."

दिवाळीला भाचा आला. तो टूलरूममध्ये असतो. त्यानं वरचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि हसायलाच लागला. "मामा, हे ड्रिल हाय की! बेंच ड्रिलच्या खाली क्रॉस व्हाइस बसवून रंग मारलाय."

मिलिंगच्या स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, आरपार भोक असतं. त्यातून ड्रॉ बार, म्हणजे एक लांब बोल्ट, कटर धरणाऱ्या कोलेटला वरून खेचून ठेवतो. ड्रिलचं चक नुसतं निमुळत्या दांड्यावर दाबून बसवलेलं. भोक पाडताना दाब सरळ वर जातो, त्यानं ते घट्टच होतं. आडवा दाब आणि थरथर मिळाली की सुटतं. भाच्यानं डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावून स्पिंडल हातानं जरा ढकललं, तर काटा ०.३ मिलिमीटर हलला. पहिल्या दोन खाचा साडेतीनच्या का झाल्या होत्या, ते तेव्हा उमगलं. आणि ज्या सोळा स्पीडवर मी खूश होतो, ते पुलीवर पट्टे बदलून मिळणारे, बेंच ड्रिलला असतात तसले.

तर घ्यायला जाल तेव्हा आधी झाकण उघडायला लावा आणि ड्रॉ बार कुठंय ते दाखव म्हणा. लाकूड आपलं न्या. खाच पूर्ण खोलीची पाडायला सांगा आणि जरा लांब उभे राहा.

परत गेलो तर चहा नाही. "मिलिंग कुठं लिहिलंय, दाखवा." जाहिरात तोवर काढून टाकलेली, आणि तिचा स्क्रीनशॉट मी ठेवला नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि पक्कं बिल आहे का, असं विचारलं. पुढं काय बोलणार?

ड्रिल म्हणून मात्र मशीन वाईट नाही. एक मिलिमीटरची भोकं सरळ पडतात, लाकडी खुंट्यांना तेवढं पुरतं. खाचा पुन्हा कानशीनंच चालल्यात, अकरा झाल्या.

परवा एक नवी जाहिरात दिसली. मशीनचा रंग हिरवा, किंमत ४१ हजार, नाव दुसरंच. पण मागच्या भिंतीवरची पानाची पिचकारी मी ओळखली. चहा पिताना तिच्याकडंच तोंड करून बसलो होतो.